दारावरचं "आलो गं"

नित्याला घरातून उचललं, तेव्हा नित्याच बोलला.

वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. आज त्याचं वर्षश्राद्ध झालं, म्हणून लिहितेय.

नित्या माझा धाकटा भाऊ. सातपूरला कंपनीत शिफ्ट, आणि घरी आला की हातात सोल्डरिंग गन.

ड्युटीला निघताना "जातो गं" म्हणायचा आणि आई रोज चिडायची.

"जातो काय म्हणतोस मेल्या? येतो म्हणावं."

शेवटी त्याने दाराच्या चौकटीला एक डबा ठोकला. आत छोटा बोर्ड, मेमरी कार्ड, जुन्या रेडिओचा स्पीकर. कुणीही बाहेर निघालं की सेन्सर लागून त्याच्या आवाजात "आई, येतो गं". कुणी आत आलं की "आई, आलो गं".

झालं उलटंच. जाताना "आलो", येताना "येतो". आम्ही हसून बेजार.

"ताई, फाइलींना नंबर बरोबर दिलेत गं. पण ह्या येड्याला नंबर कळत नाही. कार्डवर जी आधी भरली, ती पहिली वाजवतो. रविवारी करतो नीट."

रविवारच्या आधीच, कंपनीतून येताना बाइक घसरली.

दुपारी चौघांनी त्याची तिरडी उचलून आतून उंबऱ्यापर्यंत आणली आणि डबा बोलला.

"आई, आलो गं."

सगळे जागीच थांबले.

आई उठली. आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाहेरून कुणी आलं की आणते तसाच.

कार्ड पुसून फाइली क्रमाने परत भरायच्या, एवढंच काम आहे. नंतर एकदा मी लॅपटॉप घेऊन गेलेही होते.

"हात लावू नको," आई म्हणाली. "घरातून कुणी गेलं की तो येतो. मग मी एकटी कुठंय?"

आता ती कुणाला टेकू देत नाही. शेजारच्या मावशींचा चहा संपायच्या आत कप उचलते. "उशीर होईल तुला," म्हणते.

मला खरंच भीती वाटते. भाऊ तर गेलाच, आता आईही हळूहळू तिकडेच चाललीय असं वाटतं.

आज जेवणं उरकल्यावर म्हटलं, "आई, आज राहते गं मी."

तिने माझी पर्स आणून हातात दिली.

"नको. निघ तू."

दुसऱ्या हातात तांब्या होता.

मी उंबरा ओलांडला. मागून तो बोलला.

मग आई बोलली. "आलास? हातपाय धू आधी."

मी वळून बघितलं नाही.

नित्या, आईला सांभाळ.

येते रे.