धुवून काढलेल्या काचा

आमच्या कॉलेजात तपासणी समिती यायच्या आदल्या आठवड्यात सासूबाई आजारी पडल्या आणि मला पोखर्णीला जावं लागलं. निघण्यापूर्वी प्रयोगशाळेची कपाटं लावली, किल्ल्या कार्यालयात दिल्या, काचांच्या खोक्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. सगळं झालेलं आहे, याची खात्री करूनच मी बस पकडली.

त्या काचांवर फोटोच्या फिल्मसारखा, पण बराच जाड थर होता. परदेशातल्या यंत्रात प्रकाशाच्या वेगाजवळ नेलेली सोन्याची अणुकेंद्रकं त्यात घुसवलेली होती. असं केंद्रक थरातल्या चांदीच्या केंद्रकाला नुसतं घासून गेलं, तर मोठा तुकडा शाबूत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जाड रेघ सरळ पुढे जाते. समोरासमोर धडकलं तर मोठं काही उरत नाही. एका ठिपक्यातून बारीक रेघांचा झाडू पसरलेला दिसतो. प्रत्येक रेघेचा कोन मोजायचा, जाडीवरून तुकडा ओळखायचा, हाच माझ्या पीएचडीचा विषय. निम्म्या टकरी मोजून झाल्या होत्या. काचा गाईडांनी दिलेल्या, त्यांच्याकडच्या शेवटच्या.

परत आले तर खोकं रिकामं.

"मामा, काचा कुठायत?" मी शिपायांना विचारलं.

"लय घाण चिकटली होती बगा मॅडम. गरम पाण्यात सोडा टाकला, ब्लेडनं खरवडली, तवा कुठं निघाली."

"चिठ्ठी वाचली नाही?"

"वाचली की. सायबांना दाखवली. ते म्हनले, मॅडमला मी सांगतो, तू धू."

प्राचार्यांनी चहा मागवला. काचा त्यांच्या पाठीमागे भिंतीवर होत्या, थोर पुरुषांच्या छोट्या तसबिरींना बसवलेल्या.

"मापात बसल्या बघा. नवीन आणायच्या तर कोटेशन, मंजुरी. आणि त्यांच्यावर काही दिसतच नव्हतं."

"सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, सर."

"समिती काय सूक्ष्मदर्शक घेऊन येणाराय?"

समिती आली, प्राचार्यांच्या खोलीत बसली. इथे संशोधन काय चालतं, असं अध्यक्षांनी विचारल्यावर प्राचार्यांनी माझ्याकडे हात केला. "मॅडमचं. अणूवर."

"बघायला मिळेल?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी तसबिरींना नमस्कार केला. अहवालात आमच्या स्वच्छतेचं कौतुक आलं.

मी गाईडांना फोन केला. ते म्हणाले, निम्म्या मोजणीवर प्रबंध होत नाही. त्याच दुपारी मी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज टाइप केला. त्यावर प्राचार्यांची सही लागते. तसबिरींखाली बसून त्यांनी ती केली आणि विचारलं, "का सोडताय मॅडम? चांगलं चाललं होतं की."