वयाचा रकाना

गुरुवार, ११ जानेवारी १९३४, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. वेळ मी निश्चित सांगू शकते, कारण टपालाचे पाकीट हाती आले तेव्हा मी मामांच्या दुकानात घड्याळांच्या कपाटासमोर उभी होते आणि त्यांतली तीन घड्याळे तरी एकमेकांशी सहमत होती. पाकीट लंडनहून आले होते. चष्मेतज्ज्ञांची वरिष्ठ परीक्षा घेणाऱ्या संस्थेने माझी नोंदवही परत पाठवली होती.

त्या वहीत दोनशे माणसांचे डोळे होते. पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाल्यावर मी रत्नागिरीस परतले आणि बाजारपेठेत मामांचे घड्याळांचे व चष्म्यांचे दुकान होते त्याच्या मागच्या खोलीत काम करू लागले. मामा घड्याळे दुरुस्त करत आणि चष्मे विकत. डोळ्याचा नंबर काढण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. संस्थेची प्राथमिक परीक्षा मी मुंबईस जाऊन दिली होती, दोन्ही लेखी प्रश्नपत्रिकांत उत्तीर्ण झाले होते. वरिष्ठ पदविकेसाठी आता एवढेच उरले होते की दोनशे जणांची तपासणी करायची, प्रत्येकाची रीतसर नोंद ठेवायची आणि ती एखाद्या अधिकृत डॉक्टरच्या सहीने दोन वर्षांच्या आत लंडनला पोचवायची. माझी मुदत ३० जून १९३४ रोजी संपत होती. मुंबईच्या एका चष्म्याच्या पेढीने मला तपासणीची खोली स्वतंत्रपणे चालवायला देण्याचे कबूल केले होते. अट एकच, पदविका. तिच्याशिवाय मी मामांची भाची होते, दुकानात मदत करणारी.

वहीसोबत परीक्षकाचे पत्र होते. तीनच वाक्ये. दोनशेपैकी त्र्याऐंशी जणांचे वय नेमके चाळीस दाखवले आहे. या त्र्याऐंशी जणांची जवळचे पाहण्याची शक्ती सहा डायॉप्टरांपासून अर्ध्या डायॉप्टरापर्यंत कशीही पसरलेली आहे. अशी नोंद प्रत्यक्ष तपासणीतून होत नसून टेबलाशी बसून होते.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे माप. डोळ्यातले भिंग लहानपणी लवचिक असते. वयाबरोबर ते ताठर होत जाते आणि जवळचे अक्षर दूर धरावे लागते. हा ऱ्हास इतका नियमित असतो की वय कळले तर डोळा सर्वांत जवळचे किती अंतरावर पाहील याचा अंदाज बांधता येतो, आणि अंतर कळले तर वयाचा. म्हणून आमच्या नोंदवहीत वयाचा रकाना हा कण्यासारखा असतो. तो चुकला तर बाकीच्या आकड्यांना आधार राहत नाही.

मी पत्र दोनदा वाचले, वही उघडली आणि मोजले. त्र्याऐंशी बरोबर होते. मग मी मामांकडे गेले. ते डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोके घालून बसले होते.

"मामा, गिऱ्हाइकाची चिठ्ठी तुम्ही लिहून आत पाठवता. त्यावर वय कोण सांगतं?"

"ज्याला ठाऊक असेल तो सांगतो."

"आणि ज्याला ठाऊक नसेल तो?"

"तो चाळिशी मागायला आलेला असतो. मग मी चाळीस लिहितो."

"म्हणजे चाळीस हे वय नव्हे?"

त्यांनी भिंग काढले. "अगो, चाळीस म्हणजे चाळिशी. जवळचा चष्मा. तुला आत कळावं की हा दूरचं बघायला आलेला नाही, म्हणून. मी दुसरं काय लिहायला हवं होतं, पंचावन्नी?"

कित्येक महिने रोज मी त्या चिठ्ठ्यांवरचा आकडा वयाच्या रकान्यात उतरवून घेत होते. आमच्या भाषेत जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात हे मला जन्मापासून माहीत होते. तो शब्द आणि तो आकडा मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. तपासणीची खोली अंधारी, रॉकेलच्या दिव्याचा उजेड समोरच्याच्या बुबुळावर, आणि माझे लक्ष त्या बुबुळातल्या छायेवर. चेहरे मी पाहिले नाहीत असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. सुरकुतलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. शेतात आणि मिठागरात राबलेली चाळीस वर्षांची बाई साठीची दिसते, असा मी समज करून घेतला होता, आणि तो समज करुणेचा असल्यामुळे तपासून पाहिला नव्हता.

याहून वाईट एक गोष्ट होती. चाळिशीतल्या लोकांचे आकडे इतके विस्कळीत का, हा प्रश्न मला पडला होता. वहीच्या शेवटी मी आठ पानांचे एक टिपण जोडले होते. उष्ण प्रदेशातील प्रखर उन्हामुळे व निकृष्ट आहारामुळे डोळ्याचे भिंग वेळेपूर्वी कसे ताठरते, याचे विवेचन त्यात आलेखासह होते. परीक्षकाने त्या टिपणाचा उल्लेख केला नव्हता. मी तो सौजन्याचा भाग मानला.

वहीवर सह्या करणारे डॉक्टर लष्करी नोकरीतून निवृत्त होऊन रत्नागिरीस राहिले होते. दर रविवारी सकाळी मी वही घेऊन जात असे आणि ते चहा घेता घेता सह्या करत. पत्र वाचून त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"मी भिंगांचे आकडे बघितले होते," ते म्हणाले. "वय कोण बघतो? तुम्ही बघायला हवं होतं."

"होय."

"लंडनमध्ये आज कुणीतरी जेवताना ही गोष्ट सांगत असेल. एक गाव आहे, तिथे माणसं चाळीसची होतात आणि तिथेच थांबतात." मग म्हणाले, "लिहा त्यांना. जे झालं ते सरळ लिहा."

मी सरळ लिहिले. चाळिशी या शब्दाचा अर्थ, मामांची चिठ्ठी, माझी चूक, तिन्ही गोष्टी दोन पानांत. नवी वही करण्याची परवानगी मागितली. उत्तराला पाच-सहा आठवडे लागणार होते, तोवर थांबण्यात अर्थ नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी नवी वही आखली आणि वय स्वतः विचारू लागले.

विचारून वय मिळत नाही हे मला पहिल्या आठवड्यात कळले. पुरुष हसत आणि बायकोकडे बघत. बायका म्हणत, वय सांगितलं की आयुष्य कमी होतं. एकीने मला उलट विचारले, "तुजा वय किती गो बाय?" मी सव्वीस सांगितल्यावर ती म्हणाली, "आनि अजून हयंच?" बाहेरून मामांचा आवाज आला, "स्थळ विचारायला येणाऱ्यांना मी बावीस सांगतो हो."

तेव्हा मला लहानपणी ऐकलेल्या ग्रहणाची आठवण झाली. १८९८ च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात सूर्य भरदुपारी झाकला गेला होता. दिवस निश्चित होता, आणि जे तेव्हा कळत्या वयाचे होते त्यांतले कुणीही ते विसरलेले नव्हते. मी वय विचारणे सोडून दिले. विचारू लागले, दिवसा काळोख पडला तेव्हा तू काय करत होतीस? उत्तरे लगेच येत. गुरे राखत होतो. लग्न होऊन वर्ष झाले होते. थोरला अंगावर पीत होता. जे तेव्हा अगदी लहान होते, त्यांना आईने सांगितलेले ठाऊक होते. मिऱ्याहून जाळी विणणारी एक बाई आली. तिला दोरा दिसेनासा झाला होता.

"मी प्वाटात व्हते," ती म्हणाली. "आय माजी कोंडून ठेवलेली. इळी नाय, सुरी नाय, पान्याचा थेंब नाय. ती सांगायची, तू लई लाथा मारल्यास."

त्या बाईचे वय मला चारपाच महिन्यांच्या आत नेमके सांगता आले. लंडनमधल्या कोणत्याही रुग्णाचे सांगता आले असते त्याहून फारसे कमी नेमके नाही. योग्य भिंग लावून तिचे जवळचे अंतर सोळा सेंटिमीटर आले, छत्तीस वर्षांच्या डोळ्याचे यावे तितकेच. तिला चाळिशी नको होती, दूरदृष्टीचा थोडा दोष होता, त्याचे भिंग हवे होते. नव्या वहीचा आलेख मी काढू लागले तेव्हा विस्कळीतपणा नाहीसा झालेला होता. ठिपके एका उतरत्या रेषेभोवती गोळा होत होते. आमच्या लोकांचे डोळे वेळेपूर्वी म्हातारे होत नव्हते. माझे आठ पानांचे टिपण संपूर्णपणे चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे मी स्वतः सिद्ध केले होते. त्या फेब्रुवारीतले काही दिवस मला बरे गेले.

शुक्रवारी, ९ मार्चला उत्तर आले. माझे स्पष्टीकरण संस्थेने नमूद करून घेतले होते. नवी वही स्वीकारली जाईल, मात्र प्रत्येक रुग्णाचे वय लेखी पुराव्यावर आधारलेले असावे, जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळेचा दाखला. स्थानिक आठवणींवरून काढलेले वय ग्राह्य नाही. पुढच्या वर्षापासून समुद्रापलीकडच्या उमेदवारांच्या वह्या स्वीकारणे संस्था बंद करत आहे. प्रत्यक्ष परीक्षेसाठी लंडनला यावे लागेल.

लंडनला जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून उरले साडेतीन महिने, आणि त्यांतही वही मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्यापूर्वी, मुंबईकडे रवाना व्हायला हवी होती. ग्रहणाच्या नोंदींची वही मी बाजूला ठेवली, तिसरी वही आखली आणि दाखले असलेली माणसे शोधू लागले. कचेरीतले कारकून, शिक्षक, वकील, टपालखात्यातले लोक. मामांनी आपल्या ओळखी वापरल्या. डॉक्टरांनी चिठ्ठ्या दिल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत सत्तेचाळीस जण झाले. त्या सत्तेचाळिसांचा आलेख मी काढला. ठिपके पुन्हा विखुरले होते.

मी दाखल्यांवरच्या तारखा एका कागदावर उतरवल्या. सत्तेचाळिसांतले एकतीस जण १ जूनला जन्मलेले होते.

शेजारच्या आळीत एक निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांना मी कागद दाखवला. ते चाळिशी नाकावर ओढून बघू लागले आणि त्यांना हसू आवरेना.

"यातले निम्मे माझे आहेत," ते म्हणाले. "आई मुलाला घेऊन यायची. मी विचारायचो, जन्म कधीचा? ती म्हणायची, म्हैस व्याली त्या साली. आता म्हैस कुठं नोंदवू? शाळा जूनला उघडते. एक जून."

"आणि साल?"

"साल उंचीवरून. कुणाचा बाप म्हणाला, पुढं सरकारी नोकरी करायची आहे, तर दोन वर्षं कमी. त्यात काय बिघडतं?"

"काही नाही, मास्तर."

घरी आल्यावर मी ग्रहणाची आणि दाखल्यांची अशा दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एका वहीत माणसांची वये खरी होती आणि ती संस्थेला नको होती. दुसरीत हवी तशी होती, आणि ती खोटी आहेत हे मला ठाऊक होते. दुसरी वही पुरी करून पाठवता आली असती. एकतीस जणांचे १ जूनचे जन्म परीक्षकाच्या नजरेतून सुटले असते असे नाही, पण तो मुद्दा गौण होता. वहीच्या पहिल्या पानावर उमेदवाराने सही करायची असते, की पुढील सर्व नोंदी माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहेत.

डॉक्टर म्हणाले, "दाखल्यावर आहे ते तुम्ही लिहिता. खोटेपणा दाखल्याचा, तुमचा नव्हे."

"लंडनहून परत आलेल्या वहीतही मी चिठ्ठीवर होतं तेच लिहिलं होतं."

आम्ही त्यानंतर दोनच रविवार भेटलो. मे महिन्यात त्यांचा मुलगा त्यांना नागपुरास घेऊन गेला आणि सह्या करणारे रत्नागिरीत दुसरे कुणी उरले नाही. म्हणजे प्रामाणिकपणाची माझी परीक्षाही अखेरपर्यंत झाली नाही. वही पाठवायची ठरवली असती तरी ती पाठवता आली नसती. पुष्कळ वेळा मला वाटते, नकार मी दिला की परिस्थितीने, हे सांगण्यासाठी लागणारी माहिती माझ्याजवळ नाही.

शेवटची आगबोट गेली. मुंबईच्या पेढीचे पत्र जूनमध्ये घाटावरून फिरून आले. त्यांनी एका पदविकाधारक गृहस्थाची नेमणूक केली होती आणि मला शुभेच्छा दिल्या होत्या. मामांनी पत्र वाचून खिशात ठेवले, जणू ते त्यांना आले होते. "आपली खोली आहेच," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून चिठ्ठीवर ते आकडा लिहीनासे झाले. नाव, गाव, आणि पुढे कोरी जागा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३० जूनला, शनिवारी, सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि दुकानात कुणी येईल असे वाटत नव्हते. पावणेपाच वाजता इरले घेतलेली एक बाई आली. तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत म्हणाली. मी दिवा लावला, बारीक दोऱ्याची चौकट पट्टीवर बसवली आणि दिवसा काळोख पडला तेव्हा ती कुठे होती हे विचारले. ती राजापुराकडच्या माहेरी होती, दहा वर्षांची, सुपात नाचणी पाखडत. कोंबड्या घरात शिरल्या तेव्हा आजीने तिला धरून आत नेले.

तो नीट दिसेनासा होईल तिथले अंतर मोजण्यासाठी मी दोरा हळूहळू जवळ आणत गेले. ती म्हणाली, आता एकाचे दोन झाले. मी पुन्हा दूर नेला आणि पुन्हा आणला. तिसऱ्यांदाही ती त्याच ठिकाणी थांबली. ग्रहणाची वही उघडून मी क्रमांक घातला, एकशे बारा. वय सेहेचाळीस. डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी ठेवली. दोन्ही डोळ्यांनी जवळचे अंतर, अठ्ठावीस सेंटिमीटर.