कापलेल्या मेंदीचा वास

आज सोसायटीच्या माळ्यानं मेंदीचं कुंपण छाटलं आणि त्या हिरव्या वासानं मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बेळगावात, कॅम्पात नेलं. पुण्याहून आलेल्या कॉलेजच्या मित्रांना मी तिथले गर्द सावलीचे शांत रस्ते, कौलारू बंगले ऐटीत दाखवत होतो. एका बंगल्याचं कुंपण छाटणारे आप्पा, माझे वडील, मला बघून हसले.

"बाळू, जेवलास काय रं?"

मित्र माझ्याकडं बघायला लागले. अनोळखी माणसाला विचारावं तसं मी कानडीत विचारलं, "यारु बेकु?" कोण पाहिजे?

आप्पांची कात्री थांबली. "एन इल्लरी," ते हळूच म्हणाले. काही नाही, साहेब.

त्यानंतर घरीसुद्धा त्यांनी मला कधी 'रं' म्हटलं नाही.