पंक्चरवाल्याची गोळी

वाटूर फाट्यावरचा पंक्चरवाला डोकं ठिकाणावर राहायची गोळी सगळ्यांदेखत चहासोबत घेतो. गिऱ्हाइकं चिडवतात, "गोळी चुकली तं चाक उलटं बसवशील!"

"बिलकुल! म्हणून तं चुकवत न्हाई."

परवा बायकोला जालन्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेताना आमची गाडी फाट्याजवळच पंक्चर झाली, ती त्याच्याकडेच नेली. दुकानापुढच्या बाकड्यावरच्यांनी विचारलं, कुठं निघालात? मी म्हणालो, "हिचे गुडघे दाखवायला." कित्येक वर्षं मी हेच सांगत आलो, लाज माझीच होती. पंक्चरवाल्यानं हिला त्या दवाखान्यात अनेकदा पाहिलेलं, तरी तो मुकाट ट्यूब घासत राहिला.

बायकोच बोलली, "गुडघे ठणठणीत हायेत माझे. ह्याच्याच डॉक्टरकडं चालले मी."

बाकड्यावरचे माझ्याकडं बघू लागले. पंक्चरवाला मात्र खुलला. "मंग जल्दी करतो, काकू. उशीर झाला तं आपला नंबर जातो तिथं."