जुना चॅम्पियन, नवा चॅम्पियन आणि माझं लग्न

माझं लग्न दोन वर्षं अडून राहिलं ते अमेरिकेतल्या दोन बॉक्सरांपायी. त्या दोघांनी महाडचं नाव जन्मात ऐकलं नसेल. पण आमच्या घरात त्यांचं जेवढं चालायचं, तेवढं माझ्या आईचंही चालत नव्हतं.

बाबा मुंबईला गोदीत होते. तरुणपणी गोदीच्या संघातून बॉक्सिंग खेळले, नाकाचं हाड मोडून घेतलं आणि ते वाकडं नाक जन्मभर पदकासारखं मिरवलं. निवृत्त झाल्यावर महाडला आले, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत हेवीवेट चॅम्पियनांची वर्तमानपत्रातली कात्रणं भरून ठेवली. त्या ट्रंकेला हात लावायची आम्हाला बंदी होती. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मात्र पिठाच्या डब्याखाली सापडलं होतं.

त्यांचा देव म्हणजे जुना चॅम्पियन. एवढा धिप्पाड गडी, पण रिंगणात पिसासारखा नाचायचा. समोरचा हात मारून मारून दमला की मग हा सुरू व्हायचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नवा उगवला. वय कोवळं, मान जवळजवळ नाहीच, आणि पहिल्याच राऊंडला समोरचा आडवा! झालं. महाडच्या केशकर्तनालयात रोज सकाळी वाद पेटायला लागला की हे दोघं समोरासमोर आले तर जिंकणार कोण. गंमत म्हणजे वाद घालणाऱ्या एकानंही दोघांपैकी कुणाची अख्खी लढत पाहिली नव्हती. एक फोटो, खाली चार ओळी, बाकी सगळं गालाला साबण लावून बसल्या बसल्या ठरायचं. निम्मे लोक कुस्तीवाले. ते म्हणायचे, "खांदे टेकल्याशिवाय हरला कसं म्हणायचं?" बाबा त्यांना अडाणी ठरवून, अर्धी दाढी तशीच ठेवून घरी यायचे.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी पोलादपूरला शाळेत शिक्षिका म्हणून लागले, आईनं स्थळं बघायला सुरुवात केली, आणि बाबांनी हा वाद माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात आणला. मुलाचं शिक्षण, नोकरी, शेती, सगळं आई विचारायची. बाबा गप्प बसून राहायचे आणि पोह्यांची बशी अर्धी झाली की विचारायचे, "जुना आणि नवा, दोघंही भरात असताना भिडले तर कोण जिंकेल?"

पहिला मुलगा म्हणाला, "जुना." बाबांनी त्याला नापास केलं. म्हणे, विचारल्याबरोबर बोलला, हा सासऱ्याला लोणी लावणारा. दुसरा म्हणाला, "नवा." त्याला तर अक्कलच नव्हती. तिसरा बिचारा म्हणाला की दोघंही आपापल्या काळात मोठे. बाबा म्हणाले, "उद्या घरात भांडण झालं तर हा असाच मधोमध उभा राहील." तिघांनाही त्यांनी उठताना एकच शब्द सांगितला, "कळवतो." आमच्याकडे "कळवतो" म्हणजे कळलं. त्यानंतर कुणी पोस्टमनची वाट बघत नाही.

चौथा मात्र मी स्वतः शोधला होता. मूळचा पाचाडचा, पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या शाळेत एकटाच शिक्षक. पगाराच्या दिवशी पंचायत समितीत भेट व्हायची. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे, आणि एवढ्यावरच वर्ष गेलं. शेवटी त्यांनी घरी यायचं काढलं. मला हाच माणूस हवा होता आणि त्यालाही "कळवतो" ऐकावं लागलं असतं.

मग पंधरा दिवस पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मी त्यांची तयारी करून घेतली. "प्रश्न आला की लगेच बोलायचं नाही. चहाचा घोट घ्या. मग विचारा, लढत किती राऊंडांची? पंधरा म्हटलं की सांगा, मग जुना. कारण नव्याचा जोर सुरुवातीचा."

"बाई, मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही."

"बाबांनाही सगळं फोटोतूनच कळतं. घाबरू नका."

बाबा गोदीत स्वतः खेळले होते, हे मी त्या घाईत सोयीस्कर विसरले.

रविवारी सर, त्यांची आई आणि मामा आले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. मी दाराआड उभी. बाबांनी प्रश्न टाकला. सरांनी घोट घेतला, राऊंड विचारले, उत्तर दिलं. शब्दन् शब्द माझा! बाबा पुढे सरकून बसले. मी मनातल्या मनात हळद लावून मोकळी झाले.

आणि बाबांनी विचारलं, "मग शेवटी शेवटी जुना हरला तो का?"

हा विषय आमच्या घरात वर्ज्य होता. त्या लढतींचं एकही कात्रण ट्रंकेत नव्हतं. मी तो पढवलाच नव्हता, मला स्वप्नातही वाटलं नव्हतं की बाबा तो स्वतःहून काढतील. सरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "थांबायला हवं होतं तेव्हा थांबले नाहीत. इतकी वर्षं घट्ट धरलेलं सोडवत नसेल माणसाला."

बाबांनी कप खाली ठेवला. "बरं. कळवतो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ट्रे घेऊन बाहेर आले, ट्रेमध्ये काहीही नव्हतं. "बाबा, कळवतो म्हणायचं नाही. काय ते इथं सांगा."

आईनं कपाळाला हात लावला. मामा उगाच छताकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "मग तूच सांग. जुना की नवा?"

"मला दोघांशीही लग्न करायचं नाही! मला ह्यांच्याशी करायचंय."

सरांच्या आईनं पदर सावरला. "बोलते बाय बरी. आमचा तं मुका हाय. घरात एक तरी बोलणारं नको?"

बाबा उठले, आत गेले आणि साखरेची वाटी घेऊन आले. पहिली चिमूट त्यांनी सरांच्या हातावर ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही.

पाहुणे गेल्यावर ते मागच्या मोरीवर कपबशा विसळत बसले. बाबांनी कपबशा विसळलेल्या मी तोवर कधी पाहिल्या नव्हत्या. मी घुश्शातच होते. म्हटलं, "आज मी बोलले नसते तर ह्यांनाही घालवलं असतंत. आधीच्या तिघांची उत्तरं तरी काय चुकली होती?"

"काही नाही. तिघंही चांगले होते."

"मग?"

"तू गेली असतीस."

दोन वर्षं मी त्या तीन निरपराध मुलांना नावं ठेवत होते. इतका राग आला की त्या रागातच मी रडायला लागले. बाबांनी ओला हात धोतराला पुसला, पण माझ्या डोक्यावर ठेवायचं काही त्यांना जमलं नाही.

"ह्याची पहिली उत्तरं तुझी होती, कळलं मला," ते म्हणाले. "शेवटचं त्याचं. तो जुन्याबद्दल बोलत नव्हता गो. समोर बसून माझ्याबद्दल बोलत होता."