बटरवाली हिराबाय

हिराबाय आमच्या दाराची बेल कधी वाजवायची नाही. पदराआडून एक बटर काढायची आणि सेफ्टी डोअरच्या जाळीवर टकटक आपटायची. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत तिचा प्रश्न आलेला असायचा, "ताय, आवाज कसा येतंय?"

इरा, निहाल, हे बटर म्हणजे तुमच्या फ्रिजमधलं लोणी नव्हे. मैद्याचा गोल, फुगीर, दोनदा भाजून खडखडीत केलेला हा बेकरीतला पदार्थ चहात बुडवून खातात. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी असंच एक बटर टेबलावर आपटून पाहत होते, तेव्हा तुम्ही दोघं हसलात. मी ते कोणासाठी आपटत होते, हे सांगायचं राहिलं. हिराबायला तुम्ही कधी पाहिलं नाहीत, आणि आता पाहता येणार नाही.

आम्ही नेरुळला आलो तेव्हा आपली इमारत पुरी झाली नव्हती. म्हणून शेजारच्या शिरवणे गावात हिराबायच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी आणि घड्याळाप्रमाणे जगणारी. ती तिथलीच, आगरी, बारीक चणीची आणि मोठ्या आवाजाची. घरमालकीण असून जिना चढून कधी वर आली नाही. खालूनच हाक मारायची, "ताय, मांदेली आलीत, नेतेस का?" आपल्या घरात मासे शिजत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, तरी दर वेळी विचारायची. मी नाही म्हटलं की म्हणायची, "बरा. इचारला नाय असा नको व्हायला." पुढे आम्ही आपल्या इमारतीत राहायला गेलो, तेव्हा मात्र ती थेट दारात येऊ लागली.

तिचे यजमान तात्या. लहानपणी वडिलांबरोबर मिठागरात राबले, पुढे तळोज्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. म्हातारपणी त्यांची आठवण जाऊ लागली. आधी रस्ते गेले, मग नातवंडं, मग मुलगा. शेवटी एका सकाळी त्यांनी हिराबायला विचारलं, "तू कोनाची गो?" तिने तो प्रसंग मला हसत हसत सांगितला आणि सांगून झाल्यावर बराच वेळ माझ्या सोफ्याच्या कव्हरची सुरकुती सरळ करत बसली.

त्यांचं जेवणही गेलं. ताटातला भात बोटांनी बाजूला सारायचे. तोंडात भरवला तर तसाच ठेवून द्यायचे. एकच गोष्ट ते आपणहून मागत, चहा आणि बटर. मिठागरावर दुपारचं खाणं तेच असायचं. आधी बटर बशीच्या कडेवर आपटायचे, कान देऊन ऐकायचे, खडखडीत वाजलं तरच बुडवायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन झपाट्याने उतरतंय, नुसत्या मैद्यावर माणूस टिकणार नाही. हिराबाय म्हणाली, "मंग जेवान बटरात घालू."

शिरवण्याजवळ युसुफभाईंची बेकरी आहे. ते मूळचे उरणकडचे. त्यांची लाकडावरची भट्टी जुनी. दिवाळीआधी आपण आपलं तूप-साखर नेऊन नानकटाई भाजून आणतो, ती तिथेच. हिराबाय आता बारा महिने तिथे पिठाचा डबा घेऊन जाऊ लागली. पहिल्यांदा नाचणीचं केलं. तात्यांनी हातात घेतलं आणि परत दिलं. "जललाय." मग मी सुचवलं म्हणून शेवग्याच्या पाल्याची पूड घातली. हिरवट बटर पाहून तात्या म्हणाले, "याला शेवाल धरलाय." मिठागराच्या बांधावर वाढलेल्या माणसाला हिरवं म्हणजे शेवाळच. हिराबाय माझ्याकडे बघून म्हणाली, "ताय, गुन पोटात कलू दे, तोंडाला नको."

हे तिचं वाक्य मी पुढे पुष्कळदा ऐकलं. पदार्थ चांगला आहे हे खाणाऱ्याला कळता कामा नये, असं तिचं म्हणणं. औषध म्हणून दिलं की माणूस ओठ मिटतो.

मग जवळ्याची गोष्ट घडली. जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी. त्यात ताकद असते, तेव्हा खाऱ्या बटरात त्याची पूड जिरून जाईल असं तिच्या मनाने घेतलं. युसुफभाई नमाजाला गेले असताना तिने आपला बटरांचा पत्रा भट्टीत सरकवला. दिवाळीचे दिवस होते आणि शेजारच्या पत्र्यांवर आमच्या सोसायटीची नानकटाई होती. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकू डबा घेऊन माझ्या दारात उभ्या. "अहो, वेलची घातली होती मी. हा बंदराचा वास कुठून आला?"

युसुफभाईंनी डोक्याला हात लावला. "मौसी, भट्टी एकच हाय ना. धूर काय सोसायटी बघून फिरतो काय?"

"मना वाटला खाऱ्यात जिरंल," हिराबाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं तूप घालून सगळ्यांची नानकटाई नव्याने भाजून दिली. जोशीकाकूंचा डबा द्यायला मात्र मला पाठवलं. "तुझ्या इंग्लिशला ती घाबरते," म्हणाली. पण त्या जवळ्याच्या बटरावर तात्यांनी काय केलं, ते तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी एक घास चावला, डोळे मिटले आणि विचारलं, "भाकरी कुठं हाय?" कित्येक दिवसांनी त्यांनी दुसरं काही मागितलं होतं. ती धावत जाऊन तांदळाची भाकरी करून आली, तोवर ते विसरले होते.

त्यानंतर तिने घाई सोडली. अर्धा मैदा, अर्धी गाळलेली कणीक, फुटाण्याचं पीठ, दाण्याचं कूट, दुधाची पावडर, वर अंड्याचा हात आणि तीळ. रंग, चव सगळं जमलं. पण दाण्याच्या तेलाने बटर मऊ पडायचं, वाजायचं नाही, आणि तात्या बशीशी आपटून ते ठेवून द्यायचे. उपाय युसुफभाईंनीच काढला. दुपारचा पाव निघाल्यावर भट्टीत जी धग उरते तिच्यात पत्रा तसाच ठेवून द्यायचा, भट्टी गार होईपर्यंत. त्या दिवशी हिराबायने माझी जाळी वाजवली तेव्हा मी आतूनच म्हणाले, "वाजलं."

तात्यांनी ते खाल्लं. दुसरं मागितलं. हळूहळू गालांवर मांस दिसू लागलं. बेकरीत इतर गिऱ्हाइकंही तेच मागू लागली. युसुफभाई बरणीतून काढताना म्हणत, "हिरामौसीवाला?" तात्यांना मात्र तिचं नाव काही आठवलं नाही. चहाच्या वेळी ती आली की त्यांचा चेहरा खुलायचा आणि ते म्हणायचे, "आली बटरवाली."

"एवरी वर्सं बायको व्हती, तवा असा हसला नाय कधी," ती मला म्हणाली. "आता बटरवाली झाले तर वाट बघतंय. बरा हाय. कोनीतरी हाय ना मी त्याची."

बिघडलेली बटरं, करपलेली, मऊ पडलेली, ती स्वतः खायची. उभ्या उभ्या, ओट्याशी, सगळ्यांचं झाल्यावर. सून ओरडायची, "आई, बसून जेवा ना." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "टाकायचा कशाला? आनि मना काय झालाय?"

यंदा होळीनंतर एका दुपारी ती बेकरीतल्या बाकावर पत्रा भट्टीतून निघायची वाट पाहत बसली होती. युसुफभाई चहा घेऊन आले तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. त्यांना वाटलं डुलकी लागली. रिक्षातून दवाखान्यात नेलं, पण ती वाटेतच गेली होती. हृदय थकलं होतं, अंगात रक्त फार कमी होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशीचा पत्रा युसुफभाईंनी घरी पोचता केला. बटरं छान झाली होती. मी एक आपटून पाहिलं.

तात्यांना कोणी काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. सून नोकरीवरून उशिरा येते, म्हणून चहाच्या वेळी आता मी जाते. बटरं तीच, युसुफभाईंच्या हातची, रंगात आणि आवाजात जराही फरक नाही. मी बशीवर टकटक करते. तात्या मान वर करतात, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतात आणि बटर हातात घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवतात. दुसरं दिलं तर तेही. नुसता चहा पितात. सून धुवायला टाकताना खिसे झटकते, तेव्हा न्हाणीघरात तीळ पडतात. वजन पुन्हा उतरायला लागलं आहे.

काल मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. मी म्हणाले, "तात्या, खा ना. तुमच्यासाठीच केलंय."

त्यांनी खिशावर हात ठेवला. "बटरवालीला ठेवलाय."

मी शाळेत मुलांना समजावते तशा आवाजात म्हणाले, "तिचं झालंय खाऊन. आता हे तुमचं."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, पण रागाने नाही.

"नाय," ते म्हणाले. "ती सगल्यांच्या मागून खाते. आजून जेवली नाय ती."