कोंबड्यांची कढई

बाळांनो, आजची बातमी फोनवर सांगायला गेले असते तर नुसती ओरडलेच असते, म्हणून लिहिते.

शेजारची सून पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला सिरोंच्याला, आईकडे जायचं होतं. पण मागच्या महिन्यात सावली गावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रक्त फार कमी आहे. पुढच्या तपासणीत वाढलं नाही, तर एवढा लांबचा प्रवास नाही." पोरगी रडरड रडली.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात हजर! गोळ्या वेळेवर चालू होत्या. पण जेवणावर लगेच चहा, म्हणजे खाल्लेलं लोह वाया, आणि अंबाडीची भाजी जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात.

"लोखंडी कढई कुठे आहे?" मी विचारलं.

सासूने अंगणाकडे बोट दाखवलं. कढईत कोंबड्या पाणी पीत होत्या!

"अवो बाई, लोखंडात अंबाडी काळी पडते. काळं खाऊन लेकरू काळं झालं तं?"

"अगं, आंबट भाजीत कढईचं लोखंड उतरतं, म्हणून ती काळी पडते. हिला तेच तर हवंय! तुझ्याकडे रक्त वाढतंय ते कोंबड्यांचं."

सून तोंडाला पदर लावून हसली. सासू मात्र हटेना.

"बरं, तुझा लेक पोटात होता तेव्हा भाजी कशात शिजायची?"

"याच कढईत. दुसरं काय होतं घरात?"

"आणि तो कसा निघाला?"

तिचा लेक साऱ्या भावकीत गोरा! सासूने जीभ चावली. "हे तं माया ध्यानातच नाई आलं!" म्हणत तिने कोंबड्या हुसकल्या आणि राख घेऊन कढई घासायला बसली. लेकरू काळं झालं तरी काय बिघडलं, असंही मी म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही.

मग त्या कढईत कधी अंबाडी, कधी मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला. वर लिंबू. मधल्या वेळी फुटाणे. चहा जेवणापासून लांब. रोज फोडणीचा वास आला की माझा जीव भांड्यात पडे.

आज दोघी सावलीहून परतल्या. सून फाटकापासूनच ओरडली, "आजी, वाढलं! जातो मी माहेरी!"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सोडू नका म्हणून सांगितलंय. सासूने पिशवी आजच भरायला घेतली, आणि सगळ्यांत खाली ती कढई!

"तिच्या आईकडं जर्मनचेच भांडे असन," ती म्हणाली.

कोंबड्यांना आता तो जर्मनचा गंज मिळालाय.